वाईच्या वाड्याचा हिशेब: इसारापासून कौलांपर्यंत

आम्ही नवराबायको पुण्याचे, दोघंही नोकरदार. वाईत एक शंभरीपार वाडा घेतला आणि राहण्यासारखा करतोय, त्याच्या या नोंदी. चुना कसा मळायचा हे सांगणारे पुष्कळ भेटले, पण अशा घराला पैसे कोण देतं आणि कशावर देतं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून इथे पैशाचं जास्त आणि लाकडाचं कमी लिहिलंय. बँका आणि माणसं यांची नावं गाळली आहेत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

वाडा पाहिला. नदीच्या घाटापासून पाच मिनिटांवर. जागा २,८५० चौरस फूट. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, दर्शनी बाजूला भाजक्या विटा. मध्ये चौक, तीन बाजूंना सोपे, वर अर्धी माडी. छपरावर मंगलोरी कौलं, माजघरावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. सागवानी खांब वरून तरी ठणठणीत. मागे आड, त्याला बाराही महिने पाणी. भाडेकरू कुणी नाही, हे मोठं नशीब.

मागणी ५२ लाख. विकणाऱ्यांपैकी थोरल्या भावाशी बोलून ४६ वर आलो. घरी येताना खंबाटकी उतरेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही, तेव्हाच कळलं की तिलाही हवाय.

२६ जानेवारी

५ लाख इसार दिला. पाचशेच्या मुद्रांकावर साठेखत (पुढे विकण्याचा करार), मुदत ३१ मे. नोंदणी केली नाही, कारण "आपल्यात काय" असं थोरले भाऊ म्हणाले आणि मीही मान डोलावली.

देण्याआधी एका बँकेत फोन केला होता. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, असं तिथून सांगितलं. ४६ चे ८० टक्के म्हणजे ३६ लाख ८० हजार. आमची शिल्लक १४ लाख. हिशेब पाच मिनिटांत जमला. रिझर्व्ह बँकेचा तो नियम खरा आहे, पण ८० टक्के ही वरची मर्यादा आहे. बँकेने तेवढं दिलंच पाहिजे असं त्यात कुठेच नाही. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. हे सगळं इसारानंतर कळलं.

१७ फेब्रुवारी

वकीलबाईंनी मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध घेतला. प्रॉपर्टी कार्डावर अजून विक्रेत्यांच्या वडिलांचं नाव, ते जाऊन बरीच वर्षं झाली. वारस पाच: दोन भाऊ, तीन बहिणी. इसाराच्या कागदावर सही एकाच भावाची. म्हणजे माझ्या ५ लाखांच्या बदल्यात माझ्याकडे पाचव्या हिश्श्याच्या मालकाचा शब्द होता, बाकी काही नाही. वकीलबाई रागावल्या नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवला.

धाकटा भाऊ न्यू जर्सीत. बहिणी कराड, सांगली आणि पुण्यात. थोरल्यांचं म्हणणं, बहिणी हक्कसोड करतील. कराडच्या ताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "हक्कसोड नाही, हिस्सा हवा." बरोबरच होतं त्यांचं. आणि आमच्या दृष्टीनेही तेच सोयीचं, पाचही जण विक्रेते म्हणून आले की पुढे कुणी वाकडं बोट दाखवत नाही. किंमत तीच, पाच भाग, प्रत्येकी ९ लाख २० हजार.

वारस नोंदीचा अर्ज टाकला.

२८ फेब्रुवारी

कागदांच्या गठ्ठ्यात १९११ चं खरेदीखत निघालं, चार पानं, मोडी लिपीत. शोध तीस वर्षांचा पुरतो असा माझा समज होता, पण बँकेच्या वकिलाला मूळ मालकीचा कागद वाचायचा होता आणि मोडी त्यांना येत नव्हती. पुण्यात मोडी वाचणारे गृहस्थ मिळाले. त्यांनी ६,००० रुपयांत देवनागरी लिप्यंतर सही करून दिलं.

पैसे वसूल झाले. कागदात दोन गोष्टी होत्या ज्या थोरल्या भावांनाही ठाऊक नव्हत्या. पूर्वेची भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. आणि आडाच्या पाण्यावर शेजाऱ्यांचाही हक्क आहे, "दोर लावून पाणी काढावे" इथपर्यंत लिहिलेलं. सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्यांना विचारून, हे त्याच दिवशी ठरलं. नाहीतर पुढे भांडण अटळ होतं.

१० मार्च

पहिल्या बँकेचा नकार. त्यांच्या पद्धतीत कर्ज फिटून वर काही वर्षं इमारत उभी राहील असा दाखला लागतो. मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून १५,००० देऊन पत्र घेतलं होतं: छप्पर दुरुस्त केल्यास आयुष्य तीस वर्षांहून जास्त. पण मूल्यांकन करणारा बँकेचा वेगळा. तो वीस मिनिटं चौकात उभा राहिला, माडीवर चढलाच नाही, आणि अहवालात "मातीचे बांधकाम, मोडकळीस" असं लिहून गेला. वाड्यातल्या सागवानाची किंमत त्याच्या तक्त्यात बसतच नाही. प्रक्रिया शुल्काचे ११,८०० गेले.

२९ मार्च

एका नागरी सहकारी बँकेत गेलो. इथला मूल्यांकनकार स्थानिक, वाडे पाहिलेला. खांबांवर बोटाची टिचकी मारून बघत होता. तरी आकडा असा: जागा ३६ लाख ४० हजार, बांधकाम शून्य. मी विचारलं, शून्य कसं? म्हणाला, "साहेब, मी लिहीन हो दहा लाख, पण उद्या बँकेला विकायची वेळ आली तर घेणारा जागाच घेणार आणि वाडा पाडणार."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या हिशेबाची घडी बदलली. जे घर आम्हाला हवं होतं त्याला बाजारात किंमत नव्हती, किंमत होती ती त्याच्या खालच्या मातीला.

जागेच्या ५५ टक्के म्हणजे २० लाख मंजूर. व्याज १०.७५ टक्के, मुदत १० वर्षं, हप्ता २७ हजारांच्या वर. दुरुस्तीला वेगळं कर्ज मागितलं तर म्हणाले नगरपरिषदेची परवानगी आणा. नगरपरिषदेत कळलं की उंची, जोतं, वापर काहीच बदलत नसेल तर नुसतं छप्पर फिरवायला आणि गिलाव्याला बांधकाम परवानगी लागत नाही. जी लागतच नाही ती परवानगी आणायची कुठून? दुरुस्तीचं कर्ज तिथेच संपलं.

५ एप्रिल

चौदा-पंधरा लाख कमी पडतायत हे आज कागदावर नीट मांडलं. बायको म्हणाली, कोथरूडच्या फ्लॅटवर वाढीव कर्ज का नाही? फ्लॅटचं जुनं कर्ज ११ लाख उरलंय, फ्लॅटची किंमत त्याच्या कितीतरी पट. अर्ज केला, नऊ दिवसांत १८ लाख मंजूर. व्याज ८.९ टक्के, १५ वर्षं, हप्ता १८,१५० च्या आसपास. कुणी घर बघायलाही आलं नाही.

इथे कपाळाला हात लावला. हे पहिल्या दिवशी करायचं होतं. आधी फ्लॅटवरचे पैसे मंजूर करून ठेवायचे, मग वाड्याच्या जागेवर किती मिळतं ते बघायचं, आणि मग इसार. आम्ही नेमकं उलट केलं आणि अडीच महिने घालवले.

२१ एप्रिल

सहकारी बँकेने नोंदणीकृत साठेखत मागितलं, पाचही विक्रेत्यांच्या सह्यांचं. वारस नोंद झाली होती. न्यू जर्सीच्या भावांनी मुखत्यारपत्र पाठवलं, पण तिथल्या नुसत्या नोटरीपुढे केलेलं. परत पाठवलं. अपॉस्टिल (दुसऱ्या देशात चालावं म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) होऊन आलं, मग इथे मुद्रांक शुल्क भरून घेतलं. परदेशात केलेला कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावा लागतो. यात १९ दिवस गेले. साठेखत आज नोंदलं.

२ मे

मी समजत होतो की ५० लाखांच्या आतल्या खरेदीला टीडीएस, म्हणजे विक्रेत्याला पैसे देतानाच कापायचा कर, नाही. निवासी, म्हणजे भारतात राहणाऱ्या, विक्रेत्यांसाठी खरं. पण अनिवासी विक्रेता असला की ५० लाखांची सवलत लागूच होत नाही. सीएने फोनवर थांबवलं नसतं तर धाकट्या भावांना पूर्ण रक्कम पाठवून मी स्वतः आयकराच्या दारात उभा राहिलो असतो.

नफ्यावर १२.५ टक्के आणि वर उपकर, मिळून १३. कर कमी कापण्याचा दाखला विक्रेत्याने आयकर खात्याकडून आणला तर कमी कापता येतो, पण त्याला आठवडे लागतात आणि आमची मुदत ३१ मे. शेवटी पूर्ण ९ लाख २० हजारांवर १३ टक्के, १ लाख १९ हजार ६०० कापायचे ठरले. ते विवरणपत्र भरून परतावा घेतील. त्यासाठी मला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागला, तो वेगळा अर्ज. भाऊ नाराज झाले, पण समजले.

२३ मे

खरेदीखत झालं. फक्त बायकोच्या नावावर. महाराष्ट्रात खरेदीदार केवळ स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, ४६,००० वाचले. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर जात नाही. शुल्क, फी, वकील, शोध सगळं धरून ३ लाख १० हजार.

हिशेब: १४ शिल्लक + १८ फ्लॅटवर + २० सहकारी बँक = ५२ लाख. गेले ४९ लाख १० हजार. दुरुस्तीला हातात २ लाख ९० हजार. अंदाजपत्रक १४ लाखांचं.

संध्याकाळी दिंडी दरवाजाचं कुलूप उघडलं आणि चौकात पेढे खाल्ले.

२६ मे

मुंबईत मान्सून आज पोचला, जूनही उजाडला नाही. आमचा बेत होता २५ मे ते ७ जून छप्पर उघडून कौलं फिरवायची. मिस्त्रीने शनिवारी मागच्या सोप्यावरची दोन हात कौलं काढली होती. रात्रभर पाऊस. सकाळी माजघरात घोट्याइतकं पाणी.

ताडपत्री, बांबू, सुंभ, मजुरी: ३८,०००.

१४ जून

मागच्या सोप्याची भिंत सहा फूट लांबीची बसली. पांढरी माती कोरडी असेपर्यंत दगडासारखी, वरून पाणी मुरलं की साखरेसारखी विरघळते. वरचं छप्पर शाबूत असतं तर शंभर वर्षं जशी उभी होती तशी राहिली असती. ती माझ्या घाईने पडली. मलबा उचलायला ४१,००० (यात नंतरचाही आहे).

तीन महिने काम बंद. हप्ते मात्र दोन्ही चालू.

९ ऑगस्ट

विवरणपत्राच्या निमित्ताने सीएकडे. तिथे ४६,००० वाचवल्याचा आनंद मावळला. वाड्याची मालक बायको एकटी, हप्ते भरणारा मुख्यतः मी. घर माझ्या नावावर नाही तर व्याजाची वजावट मला नाही, सहकर्जदार असलो तरी. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला तशीही वजावट नाही, म्हणून आमचं नुकसान थोडं. पण जुन्या प्रणालीत असणाऱ्याने मुद्रांकाची सूट आणि वजावट दोन्ही शेजारी मांडून मगच नावं ठरवावीत. आणि दुरुस्तीच्या कर्जाचं व्याज राहत्या घराला वर्षाला ३०,००० पर्यंतच धरतात, खरेदीसारखं २ लाख नाही, हेही त्याच बैठकीत कळलं.

१३ सप्टेंबर

माझ्या गैरहजेरीत गवंड्याने पडलेली भिंत विटेत उभी करून वर सिमेंटचा गिलावा मारला. "पक्कं काम केलंय साहेब." दिसायला झकास. मी फोटो बघून शाबासकीही दिली, तो फोन अजून आठवतो.

११ ऑक्टोबर

सिमेंटच्या खाली ओल कोंडली. नव्या-जुन्या जोडाजवळ मिठासारखी पांढरी भुकटी आली आणि गिलावा पोळीसारखा सुटला. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही. सगळं खरवडलं. ६२,००० पाण्यात. गवंड्याची चूक म्हणून सोडून देता येत नाही, मी त्याला चुन्याबद्दल एकदाही सांगितलं नव्हतं.

जुन्या हाताचे एक गवंडी मिळाले, वय सत्तरच्या पुढे. कळीचा चुना चौकातच खड्डा करून विझवला आणि तीन आठवडे भिजत ठेवला. वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. ते हाताने चटका घेऊन सांगत, अजून नाही. तीन आठवडे गवंड्यांची मजुरी नाही, काम नाही, फक्त वाट बघणं. एरवी असल्या दिवसांचा मला राग येतो, या वेळी आला नाही, कारण हातात पैसेही नव्हते.

१८ ऑक्टोबर

पैसे. बायकोच्या मुदत ठेवी मोडल्या, ५ लाख. मेहुण्यांकडून हातउसने ३ लाख, तोंडी नाही, बँकेतून आणि एका कागदावर लिहून. आणि सोनेतारण ६ लाख. एवढ्या रकमेला सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळतं, आणि यंदा सोनं इतकं चढलंय की पाटल्या आणि तोडे पुरले, मंगळसूत्राला हात लावावा लागला नाही. मुदत एक वर्ष, मुद्दल-व्याज शेवटी एकदम. दिवाळीच्या तोंडावर दागिने बँकेत ठेवून येताना आम्ही दोघं चितळ्यांच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिलो आणि अर्धा किलोच बाकरवडी घेतली.

२२ नोव्हेंबर

छप्पर उघडलं. खरा खर्च इथे कळला. दोन तुळयांची टोकं भिंतीत गेलेली तिथे वाळवीने पोखरलेली, वरून रंग लावलेला. एका खांबाचं बूड खालच्या दगडी उथाळ्याजवळ (बैठकीच्या दगडाजवळ) भुसा झालेलं. अंदाजपत्रक देणाऱ्याने यातलं काही पाहिलं नव्हतं, कारण त्याने काही उघडलंच नव्हतं. सुताराला दोन दिवसांची मजुरी देऊन मार्चमध्येच तीन-चार ठिकाणी कडीपाट आणि गिलावा उघडायला हवा होता. विक्रेत्यांनी नाही म्हटलं नसतं.

नवं सागवान परवडेना. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये मोडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड मिळतं, घनफुटावर. तिथून दोन तुळया आणि वासे आणले. सुताराने पोखरलेला भाग कापून जुन्याला नवा तुकडा सांधला, पूर्ण तुळई बदलली नाही. खांब-तुळया १ लाख ९० हजार, वाळवीचं औषध २४,०००. छप्पर ६ लाख ८५ हजार, त्यात रिपा आणि फुटलेल्या कौलांची भर. सुमारे तीन भाग जुनी कौलं परत चढली, एक भाग नवी. रंग जुळत नाही, दोन पावसाळ्यांत जुळेल असं सगळे म्हणतात.

सामाईक भिंतीवरची तुळई बदलताना शेजारच्या काकांना १९११ चा कागद वाचून दाखवला. त्यांनी निम्मा खर्च देऊ केला. मी घेतला.

६ डिसेंबर

रिझर्व्ह बँकेने काल रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ५.२५ वर आणला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ६.५० होता. फ्लॅटवरचं कर्ज रेपोशी जोडलेलं, तिथला दर उतरला. वाड्यावरचं १०.७५ वरच. बँकेत विचारलं तर त्यांनी माझ्याच सहीचा कागद पुढे केला: पहिली दोन वर्षं स्थिर दर, मुदतीआधी फेडल्यास २ टक्के शुल्क. सही करताना मी घाईत होतो, ३१ मे जवळ आली होती.

दुसरीकडे कर्ज हलवलं तर शुल्क ३८-३९ हजार, वर जीएसटी. तरी वर्षभरात भरून निघेल असं दिसतंय, दुसरी बँक घेणार असेल तर.

१५ फेब्रुवारी २०२६

महाशिवरात्र. घाटावर काशीविश्वेश्वराला रांग, आमच्या गल्लीत गाड्या. आज पहिल्यांदा वाड्यात स्वयंपाक केला, साबुदाण्याची खिचडी.

आजपर्यंत दुरुस्ती १९ लाख ५५ हजार. वर सांगितलेल्यांखेरीज चुन्याचा गिलावा ३ लाख ४० हजार, वायरिंग २ लाख १० हजार, न्हाणी-संडास आणि सांडपाणी २ लाख ७५ हजार, आर्किटेक्ट-इंजिनिअर ९०,०००. कर्ज, ठेवी आणि उसने मिळून पुरले नाहीत, २ लाख ६५ हजार दर महिन्याच्या पगारातून गेले. माडी आणि तिचा जिना तसाच बाकी आहे.

नव्या बँकेचा मूल्यांकनकार गुरुवारी येऊन गेला. या वेळी माडीवर चढला. जिन्याची तिसरी पायरी हलते, तिथे थोडा अडखळला. फोटो काढले, सुताराला विचारून तुळईची जाडी लिहून घेतली. जाताना म्हणाला, बांधकामाला काही किंमत धरता येईल का बघतो. अहवाल अजून यायचाय. सोनेतारण ऑक्टोबरात संपतं. उद्या सुतार सकाळी आठला येतोय, आधी तिसरी पायरी.